अक्काचे दोन हजार शेअर

धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी सिव्हिल शिकवायचो आणि मातीची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. बाहेरची कामंही तिथे यायची. कोणाला कॉलनी बांधायची असेल, कोणाला जिनिंगची शेड, तर त्या जागेत खड्डे घेऊन माती आमच्याकडे तपासायला पाठवत. आमच्याकडची माती काळी. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया नीट नसेल तर भिंतीला तडे देते. ती किती फुगेल हे सांगणं माझं काम, आणि त्यात मी हुशार समजला जायचो. आपण मातीत हुशार आहोत म्हणजे पैशातही असणार, असं मला का वाटलं, ते आता सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त माती पाठवायची ती नाशिककडची एक छोटी कन्सल्टन्सी. स्वतः काही बांधत नसे. मोजणी, माती परीक्षण, नकाशे, अंदाजपत्रक आणि देखरेख, एवढंच त्यांचं काम. धुळे-जळगाव जिल्ह्यांत त्यांचा चांगला जम बसला होता. दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांची जीप यायची, ड्रायव्हर सुतळीने बांधलेल्या पिशव्या उतरवायचा, आणि मी चिठ्ठ्या वाचून त्या रांगेने लावायचो. नव्वद सालानंतर जो तो शेअर काढू लागला, तसे यांनीही काढले. मी दहा रुपयांना एक असे हजार शेअर घेतले. वर्षभरात भाव तीसवर गेला. स्टाफरूममध्ये लोक मला विचारून अर्ज भरू लागले. मी चहाचा घोट घेत सांगायचो, ‘कागदावर जाऊ नका, काम बघा.’ असं बोलताना फार बरं वाटायचं.

मग मंदी आली. आधी मुंबईत जागांचे भाव पडल्याच्या बातम्या वाचल्या, मग नाशिकला, मग आमच्या देवपुरातसुद्धा अर्ध्या बांधलेल्या इमारती तशाच उभ्या राहिल्या. कॉलमच्या गजांना गंज चढला. शेअर तीसवरून अठरावर आला. मी घाबरलो नाही. उलट माझं एक तत्त्वज्ञानच तयार झालं. बिल्डरची सिमेंट-विटांत रक्कम अडकते, प्लॉटवाल्याची जमिनीत अडकते. नकाशा काढणाऱ्याचं काय अडकणार? बाजार उठला की पहिलं काम त्याच्याकडेच येणार. तेव्हा घ्यायची वेळ हीच. मी अठराने आणखी हजार घेतले.

इथवर माझं मीच केलेलं होतं. त्यात लाजण्यासारखं फारसं नाही.

माझी थोरली बहीण जळगावला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिला आम्ही अक्का म्हणतो. मेहुणे लवकर गेले. मूलबाळ नाही. ती आणि तिची सासू, दोघीच. पिंप्राळ्याकडे मेहुण्यांनी घेऊन ठेवलेला छोटा प्लॉट होता. त्यावर अक्काने पगारातून चार वर्षांत दोन खोल्यांच्या भिंती उभ्या केल्या. वर तात्पुरते पत्रे टाकले आणि भाड्याची खोली सोडून दोघी तिथे राहायला गेल्या. स्लॅबसाठी तिने छत्तीस हजार साठवले होते. तिने मला बोलावून घेतलं, कारण घरात इंजिनिअर मी.

मी भिंती बघितल्या, पायाजवळ वाकून बघितलं, आणि म्हणालो, ‘अक्का, इतक्यात स्लॅब टाकू नको. मंदी आहे. सिमेंट, लोखंड, मजुरी, सगळं अजून उतरेल. वर्षभर थांब. तोवर हे पैसे मी लावून देतो. वर्षाने त्याच पैशात स्लॅब होईल आणि फरशीही होईल.’

‘पत्र्याखाली आणखी एक उन्हाळा काढायचा म्हणजे...’ ती म्हणाली. ‘माझं काही नाही. आईंचं वय झालंय.’

‘एकच उन्हाळा. कूलर घे.’

तिने जास्त विचारलं नाही. ती शाळेत गणित शिकवायची. व्याजाचं, नफ्या-तोट्याचं तिला माझ्याइतकंच कळायचं. पण मी म्हटलं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पोस्टातले पैसे काढून आणले. मी तिच्या नावाने अठराच्या भावाने दोन हजार शेअर घेतले. माझेही दोन हजार, तिचेही दोन हजार. त्या काळी शेअर म्हणजे कागद. सर्टिफिकेटं आली ती दोघांचीही माझ्याच कपाटात राहिली. विकायची वेळ आली तर धावपळ नको म्हणून ट्रान्सफर फॉर्मांवर तिच्या सह्या मी आधीच घेऊन ठेवल्या. एकेका फॉर्मवर ती फळ्यावर लिहिल्यासारखी गोल, स्वच्छ सही करत गेली.

पुढच्या काही महिन्यांत माझ्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या कमी झाल्या. आधी वीस-बावीस यायच्या, मग सात-आठ, मग दोन. एका खेपेला जीपऐवजी ड्रायव्हर एस.टी.ने आला, हातात एकच पिशवी. मी त्याला पाणी दिलं. तो सहज म्हणाला, ‘सर, तीन महिने झाले, पगार नाही. जीप विकली साहेबांनी. दुसरीकडे काही असेल तर सांगा.’

मी त्याला ‘बघतो’ म्हणालो. त्या पिशवीतली माती चाळणीत टाकली. मला जे कळलं होतं ते अजून बाजाराला कळलेलं नव्हतं. तो तीन पगार थकलेला माणूस मला नोकरी विचारत होता आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की शेअरचा भाव अजून अकरा आहे.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून जळगावला गेलो. पिशवीत दोन मोठी पाकिटं होती, एक माझ्या सर्टिफिकेटांचं, एक अक्काच्या. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी दोन्ही मांडीवर घेऊन बसलो होतो. तेव्हा माझ्या मनात काही पाप नव्हतं हे मी खरं सांगतो. दोघांचेही विकून मोकळं व्हायचं, नुकसान झालं तर झालं, असंच ठरवून निघालो होतो.

दलालाचं ऑफिस नवी पेठेत एका जिन्यावर होतं. तो पूर्वी बँकेत कारकून होता, नोकरी सोडून या धंद्यात पडलेला, सभ्य माणूस. फोनवरून मुंबईला भाव विचारायचा. त्याने मला बसवलं, फोन लावला, बराच वेळ हं हं करत राहिला, मग फोनवर हात ठेवून म्हणाला, ‘सर, अकराने घेणारा एकच आहे. दोन हजार घेईल. त्याच्यापुढे कोणी नाही. या शेअरला आता गिऱ्हाईकच नाही.’

‘चार हजार आहेत,’ मी म्हणालो.

‘दोनच जातील. दोघांचे निम्मे निम्मे देऊ? हजार तुमचे, हजार बहिणीचे?’

त्याने विचारलं होतं. हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की तसं काही सुचलंच नव्हतं. मला सुचलं नव्हतं हे खरं, पण त्याला सुचलं होतं आणि त्याने ते स्पष्ट विचारलं होतं. फोनच्या पलीकडे माणूस थांबलेला. मी म्हणालो, ‘नको. एकाच नावाचे द्या. उगाच सह्यांचा घोळ नको.’

‘मग कोणाचे?’

‘माझे.’

दलाल क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने फोनवरचा हात काढला.

मला त्या वेळी पैशाची काही निकड नव्हती. कोणी आजारी नव्हतं, कोणाची फी तुंबली नव्हती. पगार चालू होता. कोणी विचारलं तर देण्यासारखं एकही कारण माझ्याजवळ नाही. मला फक्त भीती वाटली, आणि भीती वाटली तेव्हा मी माझं पाकीट पुढे केलं.

तिथून अक्काच्या घरी रिक्षाने पंधरा मिनिटं. न जाता परत फिरलो असतो तर एक वेळ बरं. पण मला भूक लागली होती, म्हणून गेलो. शाळा सकाळची असल्यामुळे ती घरीच होती. मला अचानक दारात बघून तिला फार आनंद झाला. तिने वांगी भाजायला घातली. मी भरीत-भाकरी पोटभर जेवलो. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकलेली होती, तरी खोली भट्टीसारखी तापलेली. तिची सासू खाली जमिनीवर ओला पदर अंगावर घेऊन पडली होती. पिशवी मी माझ्या पायाशी ठेवली होती. तिच्यात आता एकच पाकीट होतं.

‘आपल्या शेअरचं काय म्हणतोस?’ तिने वाढता वाढता विचारलं.

‘थोडा उतरलाय. थांबू अजून,’ मी म्हणालो. ‘चढेल.’

‘थांबू,’ ती म्हणाली, आणि माझ्या भाकरीवर आणखी तेल घातलं.

सहा महिन्यांत तो शेअर दोन रुपयांवर आला आणि मग त्याचा भाव यायचाच बंद झाला. कंपनीला मी पत्र लिहिलं, ते ‘ऑफिस बंद’ असा शेरा येऊन परत आलं. मी जळगावला गेलो तेव्हा अक्काला सांगितलं. आम्ही घरात आमच्या अहिराणीत बोलतो. तिने हळूच विचारलं, ‘बठ्ठा पैसा गया का?’

‘सगळाच,’ मी म्हणालो. ती म्हणाली, ‘तुझेही गेले ना रे. तुझी तर लेकरं आहेत.’

मी काहीच म्हणालो नाही. खोटं बोललो नाही असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. पण नुसतं गप्प राहून जेवढं खोटं बोलता येतं तेवढं मी बोललो.

पुढच्या मे महिन्यात तिच्या सासूला ऊन लागलं. अक्का पेपर तपासायला शाळेत गेली होती. परत आली तर म्हातारी बेशुद्ध. सिव्हिल हॉस्पिटलात चार दिवस सलाईन लावलं. वाचली, पण त्यानंतर तिच्या पायातलं बळ गेलं ते गेलंच. मी भेटायला गेलो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अक्का म्हणाली, ‘डॉक्टर म्हणतात, त्या पत्र्याखाली पुन्हा नेऊ नका.’ मी तिथल्या तिथे म्हणालो, ‘स्लॅबचं मी बघतो. पैसे मी देतो.’

मी बावीस हजार दिले. अकरा रुपयांनी दोन हजार शेअरचे जेवढे आले होते, तेवढेच. बाकीचे तिने शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले. सुट्टी असल्यामुळे मी स्वतः उभा राहून काम करून घेतलं. सेंटरिंग तपासलं, गज मोजले, पहाटेपासून मिक्सर लावला. घमेली हातोहात वर चढत होती आणि मी वर उभा राहून ओरडत होतो. दुपारी स्लॅब टाकून झाल्यावर मजुरांना जेवण घातलं, गोड बुंदी वाढली. शाळेतल्या बाया बघायला आल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘स्वतःचं एवढं नुकसान झालेलं असताना बहिणीचं घर बांधून देता. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.’ शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मी हसून म्हणालो, ‘अहो, कर्तव्यच आहे.’

हे वाक्य मी खरंच उच्चारलं. कशाकशाची लाज वाटते याचा विचार करतो तेव्हा दलालाच्या ऑफिसातला तो ‘माझे’ आठवतो, आणि त्याहून जास्त हे ‘कर्तव्य’ आठवतं.

इथेही ते थांबलं नाही. चोपडा तालुक्यात वडिलांची चार एकर जमीन होती, केळीची. आम्ही ती निम्म्या वाट्याने कसायला दिली होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली होती. त्या दिवाळीत अक्काने आपणहून विषय काढला. ‘माझं नाव काढून टाक. तू माझ्या डोक्यावर छप्पर घातलंस. मला पुढे कोण आहे? तुझ्या पोरांना होईल.’

‘कशाला अक्का, राहू दे ना,’ मी म्हणालो. एकदाच म्हणालो. ती ‘नाही, मी ठरवलंय’ म्हणाली आणि मी गप्प बसलो.

चोपड्याला जाऊन आम्ही हक्कसोडपत्र केलं. मोबदला काही घेतला नाही, राजीखुशीने हक्क सोडत आहे, असं त्यात लिहिलेलं. कारकुनाने वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘ताई, कोणाचा दबाव नाही ना?’ अक्का हसली. ‘भाऊ आहे माझा,’ म्हणाली.

मी ते पत्र घरी आणून बायकोच्या हातात दिलं. मी शेअर विकल्याचं तिला ठाऊक होतं, पण अक्काचेही विकले असं ती धरून चालली होती. अक्काचे विकले नव्हते हे स्लॅबच्या वेळी तिला कळलं होतं, आणि तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता तिने ते पत्र पूर्ण वाचलं आणि घडी घालून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

‘हे मी कपाटात ठेवणार नाही,’ ती म्हणाली. ‘त्यांनी कशाच्या बदल्यात सही केली ते त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे.’

‘आता सांगून काय होणार? दुखावेल ती.’

‘दुखावतील. पण जमीन आपल्या नावावर आहे, आणि वर त्या उपकार मानताहेत.’

तरीही मला चार महिने लागले. जळगावला दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा न बोलता परत आलो. तिसऱ्यांदा गेलो ते मार्चमध्ये, रविवारी. अक्का सकाळीच स्लॅबवर बिबड्या, ज्वारीचे पापड, घालत होती. धोतराच्या ओल्या पटक्यावर ज्वारीचा चीक पळीने ओतून गोल फिरवत होती. मी जिना चढून वर गेलो आणि उभ्यानेच सांगायला लागलो. सांगताना सुरुवातीला मी मंदी, कंपनी, ड्रायव्हर असं लांबण लावलं. ती मध्येच म्हणाली, ‘मुद्द्याचं सांग.’

मग सांगितलं. दलालाने निम्मे निम्मे विचारल्याचंही सांगितलं.

तिची पळी थांबली. शाळेत पोराला उभं करून विचारावं तसं तिने एकेक विचारलं.

‘माझे कागद त्या दिवशी कुठे होते?’

‘माझ्या पिशवीत.’

‘सह्या केलेले?’

‘हो.’

‘त्याच दिवशी तू माझ्याकडे जेवायला आलास.’

‘हो.’

तिने अर्धवट राहिलेली बिबडी पूर्ण केली. मग म्हणाली, ‘तुले काय कमी व्हतं?’

तिने पळीत पुन्हा चीक घेतला. ती म्हणाली, ‘मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, तुझे वीक आधी. पंधरा मिनिटांवर मी होते. तू विचारलं नाहीस.’ मग ती पुढच्या बिबड्या घालत राहिली. उन्हं वर आली तशी पटक्याचे कोपरे उडू लागले. मी दगड उचलून द्यायला गेलो, तर ‘राहू दे, मी ठेवते’ म्हणाली.

मी म्हणालो, ‘जमिनीवर तुझं नाव परत लावून देतो.’ ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आतून तशी आशाही होती. ती म्हणाली, ‘हो, लाव.’

दोन एकरांचं बक्षीसपत्र मी तिच्या नावे करून दिलं. खर्च माझा. तिने तिचे दोन एकर वेगळ्या माणसाला कसायला दिले, त्याच्याशी बोलणी स्वतः केली. बावीस हजारांचाही तिने निकाल लावला. म्हणाली, ‘त्या दिवशी निम्मे विकले असतेस तर माझे अकरा हजार आले असते. तेवढे माझे. वरचे अकरा तुझे, ते मी फेडते.’ मी हात जोडले, नको म्हणालो. ती ऐकेना. वर्षभर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा पाण्याचा तांब्या देण्याआधी ती आतून पाकीट आणून माझ्या हातावर ठेवायची. मी मोजायचो नाही. ती म्हणायची, ‘मोज.’ मग मोजावं लागायचं.

संबंध तुटले नाहीत. भाऊबीजेला ती ओवाळते, पोरांना कपडे घेते, माझ्या बायकोशी तर तिचं पूर्वीपेक्षा जास्त जमतं. पण पोस्टात, बँकेत, पतपेढीत ती स्वतः जाऊ लागली. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते. मी समोर असलो तरी माझ्याकडे बघून विचारत नाही.

तिच्या सासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. अक्काने तिला सांगितलं नाही. मी गेलो की म्हातारी खाटेवरून दोन्ही हात वर करायची, मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, ‘यानं छप्पर दिलं माले. देव याले सुखी ठेवो.’ पहिल्यांदा मी अक्काकडे बघितलं होतं. ती परातीत तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही आणि म्हातारीला दुरुस्तही केलं नाही. त्यानंतर मी तिकडे बघणं सोडलं. खाटेपाशी वाकायचं, आशीर्वाद घ्यायचा, आणि म्हातारीचा हात थांबेपर्यंत तसंच वाकून राहायचं.